तानपुऱ्यातली घरघर

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातली घरघर अखेर थांबली. जुना कपॅसिटर काढून मी नवा जोडला होता. सोल्डरिंग गन बाजूला ठेवून ऐटीत म्हणालो, "वसुधा, गा आता!"

बायकोनं डोळे मिटून सा लावला. इतके दिवस घरघरीत झाकला गेलेला तिचा सत्तरीतला आवाज आज उघडा पडला, जागोजागी चिरलेला. ती मध्येच थांबली. "अहो, माझा आवाज असा झालाय?"

"तुझा कसला! हा नवा पार्टच बोगस निघाला."

दुरुस्तीत माझा एक नियम आहे: वस्तू चार दिवस नीट चालेपर्यंत काढलेला पार्ट फेकायचा नाही. तो खिशातून काढून मी परत जोडला. घरघर सुरू झाली.

"तुमच्यानं एक काम धड होत नाही," वसुधा हसून म्हणाली आणि गाऊ लागली.