डायनामोचा दिवा

मुलगा चार महिन्यांचा झाला, तरी नवलने त्याला एकदाही उचललं नव्हतं. वडीलधाऱ्यांदेखत बापाने स्वतःच्या लेकराला जवळ घ्यायचं नाही, अशी रीत. आणि घराला दार एकच, त्या दारातल्या ओट्यावर नवलचे वडील, दोधूआबा, सदा बसलेले.

नवल शहाद्याच्या कापसाच्या जिनिंगमधून सायकलवर अंधारात परते. दिवा घ्यायचं ठरलं तेव्हा आबांनी बजावलं, "कारबाईडनी बत्ती लई ये. तू शिववर ऱ्हायना तरी माले दिसशी."

नवलने डायनामो आणला.

"चाक थांबनं का दिवा विझना!" आबा खो खो हसले. "येले काय दिवा म्हनतस?"

दाराआड नवलच्या बायकोने, सुंदरने, हसू पदरात दाबलं.

तेव्हापासून वासरू आणायचं निमित्त करून ती तान्ह्याला घेऊन बांधाकडे जाऊ लागली. नवल सायकल थांबवी, दिवा विझे, आणि काळोखात बाप लेकराला छातीशी धरी. कान मात्र दोघांचे ओट्याकडे.

दिवाळी सरली. एका संध्याकाळी ती घाईने परतली, तर आबा तिच्या सासूला सांगत होते,


"सूनले सांग, पोऱ्याना कान बांधीसन लई जाय. बांधवर गारठा पडी ऱ्हायना."