पेडल चालू होतं

ही २०१७ सालची गोष्ट. उपवासकाळ लागायला तीन दिवस उरले होते. त्याआधीचं शेवटचं लग्न त्या संध्याकाळी नायगावला होतं. उपवासकाळात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, म्हणून पुढे ईस्टरपर्यंत बँडला काम नव्हतं.

निकोलस दुपारपासून ओटीवर डिस्टॉर्शन पेडल उघडून बसला होता. गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, पायाने दाबायची, लोखंडी डबी. एकदा दाबली की गिटारचा गोड आवाज खरखरीत होतो, परत दाबली की डबी बंद. निकोलसला लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागून एकतीस वर्षं झाली होती.

"मुकं झालंय हे," तो म्हणाला. "वरचे बारीक सूर येतच नाहीत."

त्याने कापसाच्या काडीला स्पिरिट लावून जॅक पुसला. बटणांत स्प्रे मारून ती पुढेमागे फिरवली. चौकोनी बॅटरी जिभेला लावून पाहिली. जीभ चुरचुरली. बॅटरी नवीच होती. झाकण लावून त्याने आवाज तिखट करणारं टोनचं बटण शेवटापर्यंत नेलं आणि तारा छेडल्या. चिकूवरचे कावळे उडाले.

"अंकल, नवरा-नवरी पळून जातील," फ्लॉईड कानावर हात ठेवत म्हणाला.

"पळू देत. जेवण आपल्याला उरेल."

फ्लॉईड हसला नाही. निकोलसच्या हाताखाली शिकलेला हा पोरगा आता बँड चालवायचा. दोन आठवड्यांपूर्वी त्याने निकोलसच्या बायकोला, पॉलिनला, फोन केला होता. "आंटी, अंकलना ऐकू कमी येतंय. बँडमधले सगळे बोलतात. त्यांना स्टेजवरून उतरवायचं मला नाही जमणार. तुम्ही सांगा." पॉलिन रोज सकाळी ठरवायची, आज सांगू.

निकोलसने पेडल पायाने दाबलं, परत दाबलं आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. स्पीकरमधून बारीक, सलग सुस्कारा येत राहिला. पेडलवरचा दिवा कधीच गेला होता. चालू असलं की सुस्कारा येतोच, मग दिवा कशाला, असं निकोलस म्हणायचा.

"अंकल, ते बंद करा ना."

"बंदच आहे रे."

फ्लॉईडने पॉलिनकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

कुंपणापलीकडून शेजारची सालोमी ओरडली, "पॉलिन, अगं गॅस चालू राहिलाय की काय तुझा? केव्हाचं सुंसुं चाललंय!"

"कसला गॅस?" निकोलसने स्वयंपाकघराकडे मान वळवली.

पॉलिन पुढे आली. तिने अनवाणी पायाने पेडल दाबलं.

"हां, थांबलं," सालोमी म्हणाली आणि आत गेली.

निकोलस पॉलिनच्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने हात लांब करून पेडल दाबलं आणि फ्लॉईडच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फ्लॉईडच्या कपाळावर आठी आली. पुन्हा दाबलं. आठी गेली. असं त्याने तीनदा केलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून," पॉलिन म्हणाली.

त्याने मान हलवली. सगळ्या वायरी काढल्या, एकेक गुंडाळली आणि पेडल फडक्यात बांधून फ्लॉईडच्या हातात दिलं.

"वाजवून झालं की वायर काढत जा. नाहीतर बॅटरी उतरते."

"हो, अंकल."

"आणि टोन मी लावलाय तिथे ठेवू नकोस."

फ्लॉईडला काही बोलायचं होतं. पॉलिनने त्याला नजरेनेच जा म्हटलं. फ्लॉईडची गाडी गेल्यावर पॉलिन चहा ठेवायला आत गेली. निकोलस ओटीवरच बसून राहिला. अंधार पडला तरी त्याने दिवा लावला नाही.

फ्लॉईडने बँड आणखी तीन वर्षं चालवला. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद झाली तेव्हा तो गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात लागला आणि तिथेच राहिला. पेडल त्याने तुळिंजच्या एका मुलाला दिलं. सालोमी मुलीकडे पुण्याला गेली. त्या दुपारी काय झालं, ते तिला कुणी सांगितलं नाही. पॉलिनने निकोलसला कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावल्यावर भांडी फार वाजतात म्हणून तो ते लावत नाही.

लग्नाला मात्र तो आजही जातो. स्पीकरला खेटून खुर्ची घेतो आणि त्याच्या थरथरत्या खोक्यावर तळहात टेकवून बसतो. जेवणाची रांग लागली तरी उठत नाही. पॉलिन त्याचं ताट तिथेच आणून देते.