आखाजीच्या शिव्या

"यंदा पल्याडना गावनं नाक कापाशिवाय मी आठेन हालाव नही!" जसोदाबाईंनी नाल्याच्या काठावरून जाहीर केलं.

तशाही त्या हलणार नव्हत्या. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत रुतले होते आणि त्यांना उठवायला दोन सुना लागत.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ. दोन्ही गावच्या माहेरवाशिणींनी गौराई पाण्यात सोडली होती. आता रिवाजाप्रमाणे दोन काठांवर उभं राहून एकमेकींना शिव्या द्यायच्या. दिवस बुडेपर्यंत नातं बघायचं नाही, वय बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रकाशा गावच्या बाजारात भेटलं की लेकराबाळांची खुशाली विचारायची. साठ वर्षं ह्या काठाच्या पुढारी जसोदाबाई, त्या काठाच्या नानीबाई. बाकीच्या जुन्या बाया एकेक करून गेल्या. तोलामोलाचं उत्तर देणाऱ्या नानीबाई तेवढ्या उरल्या होत्या. म्हणून होळीपासून जसोदाबाई चुलीपुढे, अंघोळीला, देवापुढेसुद्धा पुटपुटत होत्या. घरचे समजत, जप चाललाय.

"मोठीमाय, यंदा शिव्या नाहीत," नातसून मोहिनी म्हणाली. ती शहाद्याच्या शाळेत शिकवायची आणि घरीही पुस्तकातलंच मराठी बोलायची. "फक्त शुभेच्छा. दोन्ही गावांच्या ग्रुपवर ठरलंय."

"कोनी ठरायं?"

"सुनांनी. मतदान घेतलं."

"भांडन आमनं, आनि मतदान सुनास्नं!" आवाज असा चढला की पाण्यातले बगळे उडाले. "तुमले एक शिवी धड देता येत नही. सासूले 'मम्मी' म्हनतस, आनि पाठमांगे गुरगुरतस. आम्ही वरिसमा एक डाव तोंडवर दी टाकूत, मोकया व्हई जाऊत!"

आणि त्यांनी पल्याड तोंड केलं.

"नाने! तुन्ही पुरनपोयी इतली जाड, का तुन्हा जावाई तिन्हावर बठीसन नाला वलांडी गया!"

पल्याडच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

जसोदाबाईंना वाटलं, चुकून वाजल्या असतील. त्यांनी दुसरी शिवी दिली, नानीबाईंच्या सासऱ्यावरून आणि त्याच्या म्हशीवरून. ही जरा खालच्या दर्जाची होती. एका पोरीने बोटांचा बदाम करून दाखवलं. बाकीच्या मोबाइल रोखून उभ्या होत्या. "आजी, किती गोड!" त्यांच्यातली एक ओरडली.

शिवीला टाळी! साठ वर्षांत जसोदाबाईंचा असा अपमान कोणी केला नव्हता.

आणि नानीबाई? त्या निंबाखाली बाजेवर बसून नुसत्या हसत होत्या. कीर्तनाला डोलवावी तशी मान डोलवत होत्या.

"तू बी फुटनी का व, नाने?" जसोदाबाई किंचाळल्या. "तू बी मत दिनं? सांगी टाक!"

नानीबाईंनी पुन्हा मान डोलवली.

मग मात्र जसोदाबाईंचा तोल गेला. अगदी शेवटाला म्हणून राखून ठेवलेली शिवी त्यांनी तिथल्या तिथे काढली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. मोहिनीने कपाळाला हात लावला. पल्याडच्या पोरींचे मोबाइल हळूहळू खाली आले. टाळी कोणीच वाजवली नाही.

तेवढ्यात नानीबाई उठल्या. काठी टेकत टेकत घोटाभर पाण्यापर्यंत आल्या. जसोदाबाईंनी पदर खोचला. आता उत्तर येणार. आणि असं येणार, की ह्या शिकलेल्या पोरींना आठवडाभर जेवण जायचं नाही.

नानीबाईंनी कानामागे तळवा धरला.

"जसोदा व, जरा जवय सरक. मन्हं कानमानं मशीन घरच राही गयं. पहिलापासून दे."