वाटाण्याचं नाव

कान्तेलेची सगळ्यात जाड तार छेडली की बाळाच्या डाव्या पायाचा अंगठा ताठ होई. बाकीच्या तारांना नाही. राइलीनं आधी तो योगायोग धरला. मग बाळाचा मोजा काढून ती नीट बघत राहिली. शिक्षिका पिह्लानं मांडीवरच्या त्या छोट्या वाद्यावरून बोटं फिरवली, जाड तारेशी ती पोचली, आणि अंगठा पुन्हा वर आला.

“हिला खर्ज कळतो,” राइली लेकीला म्हणाली.

“मोजा घाल आई तिला. फरशी गार आहे,” मिर्का म्हणाली.

चर्चच्या तळघरात बाळांचा संगीतवर्ग भरला होता. दाराशी बर्फानं माखलेल्या बुटांची रांग, आत लोकरी मोजे घालून जमिनीवर बसलेल्या आया, दोन बाबा आणि आजच्यापुरती एक आजी. मिर्काचं मनगट लचकलं होतं, म्हणून नातीला धरायला राइली आली होती.

नावांचं गाणं सुरू झालं. पिह्ला मोठा डफ घेऊन एकेका बाळापुढे बसे, त्याची टाच डफाच्या कातड्यावर टेकवे, आणि सगळे मिळून त्याच्या नावाचा ठेका धरत. लें-पी. उर्-हो. मार्-टा. हल्ली सगळ्यांना पणजी-पणजोबांच्या वेळची नावं हवी असतात. डोळे मिटून बसलं असतं तर राइलीला वाटलं असतं, आपण वृद्धाश्रमात कुणाला तरी भेटायला आलो आहोत. तिच्या लहानपणची लेंपी सहकारी दुकानात सॉसेज तोलताना काट्यावर अंगठा ठेवायची. उर्हो दर शनिवारी सौनातून निघायचा आणि भलत्याच्याच अंगणात झोपायचा. हे तिनं मिर्काच्या कानात सांगितलं. मिर्का हसली, पण मनापासून नाही.

त्यांच्या बाळाला अजून नाव नव्हतं. पोटात असल्यापासून ती ‘वाटाणा’ होती आणि वर्गातही वाटाणाच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बारशाआधी बाळाचं नाव कुणी फोडत नाही. तेव्हा आईबापांनी ते मनात जपून ठेवलं असणार, असंच सगळे धरून चालले होते. बारसं रविवारी होतं. केक सांगून झाला होता. पाद्रीबाईंचे दोन फोन येऊन गेले होते.

मिर्काला एकच नाव हवं होतं, तिच्या आजीचं. म्हणजे राइलीच्या आईचं. दवाखान्यात तिनं विचारलं तेव्हा राइली म्हणाली होती, दुसरं कुठलंही ठेव. त्यानंतर मिर्कानं तो विषय काढला नाही, आणि दुसरं नावही काढलं नाही. जावई म्हणाला होता, तुम्ही मायलेकी काय ते ठरवा, मला सगळी नावं चालतात. विंचरायला वेळ नाही म्हणून शाळेच्या पहिल्याच दिवशी राइलीची वेणी कात्रीनं कापून टाकणारी बाई आणि मिर्काचे केस तासन्‌तास विंचरत बसणारी आजी एकच होती, हे दोघींपैकी एकीलाही पुरतं पटत नसे.

डफ पलीकडच्या बाजूला होता तेव्हा मिर्का समोर बघतच हळूच म्हणाली, “मी आता ताणत नाही. कॅलेंडरात रोजच्या तारखेपुढे एकेक नाव असतं ना, त्यात रविवारपुढे जे छापलंय, तेच ठेवते.”

“काय आहे?”

“इर्मा.”

“इर्मा चांगलं आहे की.”

“हो. चांगलं आहे.”

इर्माबद्दल दोघींकडेही आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

पलीकडे लेंपीनं डफ सोडायला नकार दिला होता. तिचा बाबा म्हणाला की हिला परत हवंय, घरीही आमचं असंच चालतं, हुकूम तिचा आणि आम्ही नोकर. सगळ्यांनी पुन्हा लेंपीचं नाव गायलं, आणि तिनं ओरडून दाखवल्यावर पुन्हा. राइलीही गात होती. गाता गाता तिनं दुकानातल्या लेंपीचा चेहरा आठवून पाहिला. एप्रन आठवला, काटा आठवला. चेहऱ्याच्या जागी मात्र एक टकलू बसलं होतं, हनुवटीवरून लाळ गाळत, डफावर टाच आपटत.

मग ओठ न हलवता तिनं त्याच ठेक्यात दुसरं एक नाव घालून पाहिलं. ते नीट बसलं. ती जराशी चकित झाली. तिनं आणखी एकदा घालून पाहिलं.

डफ त्यांच्यापुढे आला. “आणि हा आमचा वाटाणा,” पिह्ला बाळाकडे वाकून म्हणाली. “खरं नाव आपण पुढच्या वेळी गाऊ, काय?”

मिर्कानं मान डोलावली.

“आत्ताच गा,” राइली म्हणाली.

लेंपीच्या बाबानं लगेच बजावलं की आजी, केक कापायच्या आत नाव फोडायचं नसतं हं. कुणी तरी हसलं. मिर्का हसली नाही. ती आईकडे बघत राहिली, आणि दुखरा हात तिनं छातीशी घट्ट धरला.

राइलीनं बाळाची टाच डफावर टेकवली. घरात इतकी वर्षं ती आपल्या आईला ‘तुझी आजी’ एवढंच म्हणत आली होती.

“सायमी,” ती म्हणाली. “सायमी नाव आहे हिचं. आणि सगळ्यांनी जरा मोठ्यानं म्हणा. हळू बोललेलं माझ्या आईला कधी चाललं नाही.”