दारातले बूट

दोन्ही पोलिसांनी आधी दारात बूट काढले आणि मगच आत येऊन माझं गिऱ्हाईक पकडलं. आमच्या स्वीडनमध्ये चोरसुद्धा बूट काढूनच घरात शिरत असतील. गिऱ्हाईक गुन्हा कबूल करून, नाड्या बांधून बायकोकडे गेलं. "तू घाबरू नकोस," पोलिसांतला तोर्स्टेन म्हणाला. "शरीर विकणं गुन्हा नाही, विकत घेणं गुन्हा आहे. कायदा तुझ्याच बाजूनं आहे." "मग निघा आता!" "घरमालकिणीला कळवावं लागेल. कळूनही तुला ठेवलं, तर तीच तुरुंगात जाईल." "म्हणजे त्याला घर, तुला घर, आणि रस्त्यावर मी?" "पण तू निर्दोष आहेस." "मेल्या, बाहेर बर्फ पडतोय. निर्दोषपणा पांघरून झोपू का?" तो ओशाळला. खाली वाकून त्यानं माझे बूट उचलले, बाहीनं पुसले आणि अगदी अदबीनं पुढ्यात मांडून ठेवले. टाचा माझ्याकडे, तोंडं दाराकडे.