दोघांची हजेरी

दहाला पाच कमी असताना जालिंदरने घसा खाकरला आणि बाबूचा आवाज लावून पाहिला. "हजर आसंय, बाईनू!" जमलं.

फोन वेळेवर वाजला. लाँड्रीच्या ऑफिसातल्या उर्सुला बाई. वसईच्या, त्यामुळे मराठीत बोलायच्या.

"जालिंदर?"

"हजर."

"बाबू?"

"देतो की त्याला." त्याने फोन लांब धरला, खाट करकरवली आणि मालवणी सुरू केली. "हजर आसंय, बाईनू."

"काय जेवलास काल?"

या बाईंना नसत्या चौकशा! जालिंदरला एका शब्दात सोडायच्या, बाबूला मात्र रोज काहीतरी विचारायच्या.

"पेडवे," त्याने ठोकून दिलं. कोरोनामुळे कतारच्या इंडस्ट्रियल एरियाला टाळं लागून दोन महिने होत आले होते. कुठली मासळी न् कुठले पेडवे! बाई हसल्या. मग तोही हसला.

हॉटेलं बंद, म्हणून चादरी बंद, म्हणून अबूबकर शेठची लाँड्री बंद. सरकारी मदतीतून पगार होणार होते, पण जो कतारमध्ये आहे त्याचेच, आणि हजेरी रोज फोनवर होणार, असं शेठने बजावलं होतं. आणि खोलीतला जोडीदार बाबू तर विमानं थांबायच्या आदल्या दिवशी कुणाला न सांगता गावी गेला होता. बायकोचं, दुर्गाचं, ऑपरेशन होतं. नाव कापलं गेलं तर तिच्या औषधपाण्याचं काय?

"तुझी हजेरी मी लावतो," जालिंदरने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तो दोघांची हजेरी लावत होता.

खोलीतल्या बाकी दोघांना दुसऱ्या कॅम्पात हलवलं होतं. चार खाटांची खोली खायला उठायची. जालिंदर मुळात घुम्या माणूस. गावी बायकोला, अंजनाला, फोन लावला तरी "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा. पण आता बाबूच्या आवाजाचा सराव करावा लागे, उद्या बाबूने काय जेवायचं ते ठरवावं लागे. त्यात दुपार निघायची.

पलीकडच्या खोलीतला आफताब लाँड्रीतलाच. तो म्हणाला, "मुझे तो कोई फोन नहीं आता." लबाड लेकाचा! जालिंदरने विषय वाढवला नाही. उगाच आपलंच बिंग फुटायचं.

शुक्रवारी बाबूचा फोन यायचा. "हजेरी लागली?"

"लागली."

"तुझ्यामुळे घर चलता रे," बाबू म्हणायचा. जालिंदरला तेवढ्यावर आठवडा निघायचा.

मग एका सोमवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, फोनच नाही. अकराला त्यानेच ऑफिसला लावला. कुणी सिमोना बोलत होती, तीही वसईचीच. उर्सुला बाई पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, काल हॉस्पिटलात नेलं होतं.

जालिंदरला गलबलून आलं. पण हजेरी राहून चालणार नव्हती. "जालिंदर हजर," तो म्हणाला. मग खाट करकरली. "बाबू हजर आसंय."

"कोण बाबू? लिस्टमध्ये बाबू नाहीये."

"मॅडम, पाया पडतो, त्याचं नाव कापू नका. चूक माझी हाय."

"अहो, इथे शेरा आहे, ते एप्रिलमध्येच कापलंय. त्याने स्वतः गावाहून फोन करून सांगितलं होतं. माझ्यापायी जालिंदर अडकायला नको, म्हणाला."

"मग ही रोजची हजेरी?"

"हजेरी? ती तर कधीच बंद झाली, आम्ही कुणाचीच घेत नाही." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "थांबा, उर्सुला बाईंनी हॉस्पिटलातून निरोप लिहून पाठवलाय. वाचते. 'रोज दहाला जालिंदरला फोन करायचा. हजेरी दोघांची घ्यायची. बाबूने बजावून सांगितलंय, एकट्याची घेतली तर जालिंदर नुसतं हजर म्हणून फोन ठेवून देतो.'"