एक पायरी खालचा शब्द

"प्रॉबेबल काढा आणि तिथे पॉसिबल घाला," ताई म्हणाल्या.

नवे डॉक्टर खुर्चीतच वळले. या स्कॅन सेंटरमध्ये येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. फिल्म ते अचूक वाचत, पण इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्यांची त्रेधा उडे. ताई मात्र एकोणीस वर्षं इथे रिपोर्ट टाइप करत होत्या. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक कागद बाहेर पडत नसे. माघारी सगळे त्यांना 'शब्दकोश' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"दोन्हींचा अर्थ 'असू शकेल' असाच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"असं वाटणाऱ्यांनी रिपोर्ट लिहू नयेत. पॉसिबल म्हणजे कॅन्सर असेलही, नसेलही. प्रॉबेबल म्हणजे बहुधा आहेच. सर्जन फिल्म घेऊन बसत नाहीत, शेवटची ओळ वाचतात. पॉसिबल दिसलं की तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. प्रॉबेबल दिसलं की त्याच आठवड्यात ऑपरेशन."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या गाठीकडे पाहिलं. पोटात होती, कडा वेड्यावाकड्या.

"आत्ता काढली तर माणूस वाचेल, ताई. तीन महिने म्हणजे फार होतात. आणि सकाळी त्या बाईंच्या रिपोर्टात मी पॉसिबल लिहिलं, तर तुम्हीच माझी खरडपट्टी काढलीत. गाठ अशीच होती की!"

"त्या चाळिशीच्या होत्या. हे सत्याहत्तरचे. भूल झेपायला नको? एका शब्दापायी पोट फाडायचं आणि आत काहीच निघालं नाही तर? ते कोण भरून देणार, तुम्ही?"

त्यांचा आवाज चढला होता. एवढ्या कळकळीपुढे डॉक्टर नमले. त्यांनी शब्द बदलला, सही केली आणि पुढच्या फिल्मकडे वळले. ताईंनी रिपोर्ट पाकिटात घातला.

दुपारी पेशंट स्वतःच आला. काठी टेकत, जाड भिंगांचा चष्मा लावून. काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती, म्हणून पाकीट ताईंनीच दिलं.

"तुम्हीच वाचून दाखवा, बाई. डोळे कामातून गेलेत, फिल्म तर मुळीच दिसत नाही. फक्त शेवटची ओळ वाचा."

ताईंनी वाचली.

"पॉसिबल!" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "नक्की ना? प्रॉबेबल नाही ना?"

"पॉसिबलच आहे, सर."

"मग तीन महिने निवांत! मुलगी उगाच ऑपरेशनचा धोशा लावून बसली होती. अहो, चाळीस वर्षं हेच रिपोर्ट लिहिले मी. हे शब्द फार जपून वापरावे लागतात."

"हो, सर."

तो जाता जाता थबकला. "तुम्हाला कुठे तरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"तुमच्या हाताखालून पुष्कळ लोक गेले असतील."

"तेही खरंच," म्हणत तो हसला आणि सावकाश पायऱ्या उतरून गेला.

आतून डॉक्टरांनी हाक मारली, "ताई, ओळखीचे होते का?"

"छे हो. कोण कुठले!" त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. किती तरी वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्यांच्या रिपोर्टवर याच म्हाताऱ्याने न बघता प्रॉबेबल लिहिलं होतं, आणि गर्भपिशवी काढून टाकल्यावर कळलं होतं की आत काहीच नव्हतं.